मागच्याचा वाटा

१

गोंडपिपरीच्या बसस्टँडमागे बी-बियाण्यांचं एक दुकान आहे आणि त्या दुकानावर एक खोली. खालून खतांचा वास येतो, वर कूलर घरघरतो. एप्रिल महिन्यात त्या खोलीत बसायचं म्हणजे भाकरीसारखं दोन्ही बाजूंनी शेकून निघायचं. पण संघप्रियाची कधी तक्रार नसे. नवऱ्याच्या गावाजवळ नोकरी मिळाली होती आणि कामही चारचौघांत सांगायला बरं वाटावं असं होतं. मोहफुलं वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या माणसांना वाघाची खबर वेळेवर द्यायची.

रीत सोपी होती. गावातून निघताना माणसानं एका नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा, की त्या गावच्या डेटाबेसमध्ये त्याचं नाव लागलं. वाटेवरच्या झाडांना कॅमेरे बांधलेले होते. त्यात जनावर दिसलं की त्या गावातून गेलेल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजत. फोन उचलून एकचं बटण दाबलं की इकडे स्क्रीनवर नावापुढे 'ऐकलं' असं उमटे. परत आल्यावर पुन्हा एक मिस्ड कॉल, आणि नाव निघून जाई.

प्रत्येक गावाचा डेटाबेस वेगळा होता, पण ताकद मात्र सगळे क्लाउडवरच्या एकाच पूलमधून, म्हणजे सामाईक साठ्यातून, घेत. गावोगावच्या सरपंचांना हे समजावताना संघप्रिया नळयोजनेचा दाखला देई. टाकी एक, नळ घरोघर. ज्याला लागेल त्यानं सोडावा, पण एकानं तो मोकळाच ठेवला तर शेवटच्या घराला थेंब मिळत नाही. सरपंचांना हे चटकन पटे. असं एक घर प्रत्येक गावात असतंच, आणि बहुधा ते सरपंचाचंच असतं.

सकाळी खुर्चीत बसल्याबरोबर ती संगणकावर एक स्क्रिप्ट, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञांची यादी, चालवी. स्क्रिप्ट बिचारी नुसती विचारपूस करी. टाकी किती भरली आहे, नळ कुठले, कोण किती घेतंय. कशाला हात म्हणून लावायचा नाही. त्यामुळे उत्तरं नेहमी हिरव्या ओळींत येत. ओळ पिवळी होते ती काहीतरी बदललं असेल तरच, आणि नुसतं विचारल्यानं काही बदलत नसतं.

त्या सोमवारी एक ओळ पिवळी आली.

२

संघप्रियानं स्क्रिप्ट पुन्हा चालवली. पुन्हा तीच ओळ पिवळी. आणि यावेळी तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. बाकी गावांची नावं भराभर उतरत होती, पण त्या ओळीशी येऊन स्क्रिप्ट क्षणभर थांबत होती. दारात उभं राहून कोणी आत येऊ का म्हणून विचारावं, तेवढाच वेळ.

ओळीवर नाव होतं 'मागचा'.

या नावाचं गाव तिच्या माहितीत नव्हतं. तिनं तो डेटाबेस उघडून पाहिला. आत कोणाचं नाव नव्हतं, कोणाचा नंबर नव्हता, सगळं रिकामं. तरीही हा नळ चालू होता आणि चांगला धो धो चालू होता.

तिनं शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे दिव्या बसे. दिव्या कोसमटोल्याची, जंगलातल्या गोंड गावची पोरगी. बारावीनंतर संगणकाचा कोर्स करून इथे लागली होती. गावांचे डेटाबेस तयार करायचं काम तिनंच केलं होतं.

"दिव्या, हे 'मागचा' कोणतं गाव होय?"

दिव्या बाटली तोंडाला लावून पाणी पीत होती. बाटली खाली ठेवायला तिनं जरा जास्तच वेळ घेतला.

"गाव नाई ताई. तो मीच बनवला. थंडीत आपण गावं यादीत टाकून राह्यलो होतो ना, तवा."

"काऊन?"

"आमच्याइथी पंगतीत शेवटची पत्रावळ रिकामी ठेवतेत. रानात जातानी रांगेत सगळ्यात मांग एका माणसाची जागा सोडतेत. वाटे घातले का एक वाटा अलग. मागच्याचा." ती ओशाळून हसली. "सगळ्याइची टाकी एक हाये म्हणून तुमीच त सांगतलं. मग मले वाटलं, त्याले कायले वगळावं?"

संघप्रियालाही हसू आलं. ती बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली वाढलेली. चिंचेवर भूत आहे असं कोणी म्हटलं, तेव्हा वडिलांनी तिला भर दुपारी त्याच चिंचेखाली नेऊन बसवलं होतं आणि संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही हे दाखवून दिलं होतं. अशा गोष्टींचा तिला रागही येत नसे. माणसं प्रेमानं काहीबाही करतात, एवढंच ती समजे.

"बरं. पण त्यात नंबर कोणाचा टाकला तू?"

"कोणाचाच नाई. मागच्याजवळ कुठी फोन असते जी?"

"मग पाणी कोण घेऊन राह्यलं?"

दिव्याचं हसू तिथेच थांबलं.

३

बुद्धिवादी माणसाचं एक बरं असतं. भीती वाटली की तो तिला 'बिघाड' म्हणतो आणि कामाला लागतो. संघप्रियानं तो आठवडा बिघाड शोधण्यात घातला. एखादं जुनं काम आत अडकलं असेल, कुठेतरी जोडणी चुकली असेल, पासवर्ड कोणाच्या हाती लागला असेल. एकेक शक्यता तपासली आणि एकेक खोडली. शेवटी हाती उरली ती एक विचित्र गोष्ट.

पहाटे माणसं रानात शिरू लागली की तो नळ सुटे. जितकी गावं रानात, तितकी धार मोठी. ऊन चढल्यावर शेवटचं माणूस घरी पोचलं, त्याचा मिस्ड कॉल आला, की नळ बंद. रविवार असो की बाजाराचा दिवस, यात कधी चूक नाही. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण ती कोणाजवळ बोलली नाही. बोलायचं तरी काय?

आणि मग कुरखेड्याकडच्या एका गावात खबर उशिरा पोचली.

वेचणाऱ्या बाईला जनावर आधी दिसलं आणि फोन नंतर वाजला. ती झाडावर चढली म्हणून वाचली, उतरताना पाय मुरगळला तेवढंच. पण नागपूरहून विनोद सरांचा फोन आला. सगळ्या कामाचे प्रमुख तेच.

"संघप्रिया, तवा पूल पूर्ण रिकामा झाला होता. इतकं कोण खाऊन राह्यलं?"

"पाहते सर."

"पाहू नको, काढ. कोणाच्या जिवावर बेतलं त काय सांगशील?"

हे तर खरंच होतं. रिकाम्या पत्रावळीपायी जेवणाऱ्याच्या तोंडचा घास जात असेल तर पत्रावळ उचललेलीच बरी. संघप्रियानं त्याच दुपारी 'मागचा' काढायला घेतला.

"ताई, आईले विचारू का एकडाव?" दिव्या म्हणाली.

"डेटाबेस काढायला आता तुझ्या आईची परवानगी?"

हे बोलायला नको होतं असं तिला लगेच वाटलं. पण बोट बटणावर होतं, तेही दाबलं गेलं. ओळ पिवळी झाली, या खेपेला रीतसर. मग तिनं विचारपूस करणारी स्क्रिप्ट चालवली. सगळ्या ओळी हिरव्या, एका दमात. कुठेही थांबणं नाही.

दिव्या दाराकडे पाहत होती. का कोण जाणे, संघप्रियानंही पाहिलं. एखादं माणूस नुकतंच उठून गेल्यावर खोली जशी मोकळी वाटते, तशी ती वाटत होती. दार मात्र बंद होतं, कडी लागलेली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी पूल स्वच्छ होता. निम्मी टाकी भरलेली, कुठेही ताण नाही. संघप्रियानं विनोद सरांना तसं कळवलं आणि चहा मागवला.

तिचा नवरा धम्मदीप आदल्या संध्याकाळीच कोसमटोल्याला गेला होता. रानातल्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलायचं काम त्याच्याकडे होतं. सोबत त्या गावचे जंगूभाऊ असत, रानाची वाट न् वाट माहीत असलेले. पहाटे त्यानं 'निघालो' एवढाच मेसेज टाकला होता. त्या दोघांची नावं कोसमटोल्याच्या यादीत लागलेली दिसत होती.

तेवढ्यात दिव्याचा फोन वाजला. तिची आई, सोनीबाई. दोन वाक्यं ऐकून दिव्यानं फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला.

"पोरी, तुमी तिथी काई केलं का जी?"

"काऊन आई?"

"आमी बाया निघालो. नाल्यापावत गेलो. मंग मले वाटलं, आज मांग कोणी नाई."

"मांग कधी कोणी दिसते का, सोनीबाई?" संघप्रियानं मध्येच विचारलं. आवाज तिला हवा होता तितका सरळ निघाला नाही.

"दिसत नाई बाई. पण असते थे समजते ना. आपण जेवाले बसतो अन् माय चुलीपाशी असते, पाठ फिरवली तरी समजते. तसं. आज नोहोतं. साऱ्या बाया थांबल्या. कोणी कोणाले काई बोललं नाई, अन् साऱ्या वापस फिरलो. टोपले रिकामेच हायेत."

संघप्रियानं हातातला कप खाली ठेवला. "धम्मदीप कुठी हायेत?"

"थे अन् जंगूभाऊ आमच्या आंधी गेले. लय हाका मारल्या. पण थे नाल्यापलीकडं होते, त्याइले ऐकू नाई आलं."

"परत आले?"

"नाई ना जी. म्हणून त फोन केला."

५

तिनं नवऱ्याला फोन लावला. घंटा पूर्ण वाजली आणि थांबली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. काम करताना तो फोन पिशवीत टाकतो, हे तिला माहीत होतं. ही साधी गोष्ट ती स्वतःला समजावून सांगत होती, तोच स्क्रीनवर नाल्यापलीकडच्या कॅमेऱ्याचे फोटो उतरू लागले.

पहिल्या फोटोत दोन पाठी. पांढरा सदरा जंगूभाऊंचा, निळी पिशवी धम्मदीपची. दोघं मोहाच्या झाडांकडे चालले होते, एकामागे एक. धम्मदीप मागे.

दुसऱ्या फोटोत रिकामी पायवाट आणि तिच्यावर पडलेली पानं.

तिसऱ्यात वाघ होता. त्याच पायवाटेवर, त्याच दिशेनं निघालेला. घाई नाही, दबणं नाही. खालच्या मानेनं, रांगेतल्या शेवटच्या माणसासारखा तो सरळ त्यांच्या मागे चालला होता.

मोकळी झालेली जागा कोणीतरी घेतली होती.

खबर आपोआप सुटली होती, स्क्रीन तसं दाखवत होता. जंगूभाऊंच्या नावापुढे घंटा. धम्मदीपच्या नावापुढे घंटा. 'ऐकलं' कुठेच उमटत नव्हतं. घंटा संपल्या, पुन्हा सुरू झाल्या. दिव्या हुंदका दाबत वनरक्षकांना फोन लावत होती. तिकडून माणसं निघाली, पण रस्ता लांबचा. ती पोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन जाणार होतं.

"ताई," दिव्या म्हणाली. यादीत 'मागचा' होता त्या जागेवर तिनं बोट ठेवलं.

संघप्रियाला तिचं म्हणणं कळलं. आणि आतून दुसरा आवाज आला, तिचा स्वतःचा, शिकलेला. एका रिकाम्या डेटाबेसनं वाघ थांबत नसतो. तो पुन्हा लावला तर पूल आटेल, चालू घंटा अडखळतील. जो काही आधार आहे तोही आपल्या हातानं काढून घेशील. हा आवाज खोटा नव्हता. त्यात एकही चूक नव्हती, आणि त्याला ऐकून ती क्षणभर खरोखरच थांबली. मग तिसऱ्या फोटोकडे तिची नजर गेली आणि तिनं दिव्याच्या खुर्चीकडे वळून विचारलं, "तू बनवला तवा काय काय टाकलं होतं?"

"नुसतं नाव. मागचा."

तिनं नुसतं नाव टाकलं. एकदा अक्षर चुकलं, खोडून पुन्हा लिहिलं. ओळ पिवळी झाली. लगेच तिनं कोसमटोल्याची खबर नव्यानं सोडली आणि या खेपेला ती 'मागचा'लाही जोडली. ज्यात कोणाचा नंबरच नाही, त्याला खबर.

६

कूलर बंद पडला. लाइट गेली असावी. संगणक बॅटरीवर चालत राहिला आणि खोली इतकी गप्प झाली की खालच्या दुकानात कोणीतरी पोतं ओढतंय हे ऐकू येऊ लागलं.

तिला राहवेना, म्हणून तिनं विचारपुशीची स्क्रिप्ट चालवली. निदान टाकी किती भरली ते तरी कळेल. ओळी उतरू लागल्या. गोंडपिपरी तालुक्यातली गावं, मग कोरपन्याकडची, मग कुरखेड्याकडची. हिरवी, हिरवी, हिरवी. शेवटच्या ओळीपाशी येऊन स्क्रिप्ट थांबली.

आधी ती थांबे त्यापेक्षा पुष्कळ जास्त. संघप्रियाला वाटलं, आता काही येत नाही. आपण हाकलून दिलं, आता कशाला कोण येईल? माफ कर, असं ती पुटपुटली. कोणाला, ते तिला ठाऊक नव्हतं आणि त्या घडीला तिला त्याची लाजही वाटली नाही.

ओळ उमटली. पिवळी.

टाकीतलं सगळं पाणी एका झटक्यात त्या एका नळाला गेलं. दोघांच्या घंटा मध्येच तुटल्या. आणि खबरेच्या पडद्यावर, जिथे अजून एकाही नावापुढे 'ऐकलं' आलं नव्हतं, तिथे सगळ्यात खाली एक ओळ लागली.

मागचा. ऐकलं.

दिव्यानं तिचा दंड घट्ट धरला. दोघी त्या शब्दाकडे पाहत बसल्या. खाली पोतं ओढणाराही थांबला होता. किती वेळ गेला कोण जाणे. टेबलावरचा फोन वाजला तेव्हा दोघी एकदम दचकल्या.

"संघप्रिया?" आवाज धापा टाकत होता, पण त्याचाच होता. "आमी गावात आलो. काई नाई झालं. रडू नको ना. काई नाई झालं म्हणतो ना मी."

तिचा जीव भांड्यात पडला. ती रडली, हसली, त्याला फोन पिशवीत ठेवल्याबद्दल शिव्या घातल्या आणि पुन्हा रडली. दिव्यानं खाली जाऊन दुकानदारासकट सगळ्यांना सांगितलं की दोघं सुखरूप आहेत. कोण दोघं ते दुकानदाराला ठाऊक नव्हतं, तरी तोही बरं झालं म्हणाला.

७

दुपारी धम्मदीप ऑफिसात आला. सोबत जंगूभाऊही होते. कोणीतरी भजी आणली होती, ती मधे ठेवून सगळे बसले. जंगूभाऊ फरशीवर बसले. काय झालं ते धम्मदीपनं सांगितलं.

"मी वाकून बॅटरी बदलून राह्यलो होतो. जंगूभाऊनं माह्या खांद्यावर हात ठेवला, तसा वळलो. जनावर पंधरा-वीस हातांवर असंन. बसलं नोहोतं, उभंच. आमच्याकडं पाहून राह्यलं. जंगूभाऊचा फोन खिशात वाजत होता, पण हात कोण हलवते? मले त वाटलं, झालं."

"मग?"

"मग आमचे फोन बंद झाले. दोघाइचे, एकदम. अन् त्याच्या मांग, झुडपात, एक फोन वाजला." त्यानं भजं उचललं आणि न खाताच परत ठेवलं. "साधी घंटी होती, बटनवाल्या फोनची असते तशी. जनावरानं मान फिरवली. घंटी वाजतच होती. मग कोणीतरी थो उचलला."

"कोणी?"

"मले नाई दिसलं. झुडपं तेवढी हलली, अन् घंटी थांबली. जनावर वळलं अन् तिकडं गेलं. पळालं नाई. हाक मारल्यावर जाते ना घरचं ढोर, तसं गेलं."

संघप्रियानं जंगूभाऊंकडे पाहिलं. ते वाघाच्या आणखी दोन पावलं जवळ उभे होते. "जंगूभाऊ, तुमाले दिसलं काई?"

म्हाताऱ्यानं आपल्या तळहाताकडे पाहिलं. "हात दिसला बाई. फोन धरलेला," ते म्हणाले. "लय वर होता. माणसाचा तेवढा वर नसते." मग त्यांनी भज्यांची प्लेट पुढे ओढली आणि आणखी काही विचारू नये असं तोंड केलं.

कोणी विचारलंही नाही. लाइट आली होती, कूलर पुन्हा घरघरू लागला. धम्मदीप भिंतीला टेकून पाय पसरून बसला, आणि त्याच्या चपलांना लागलेली नाल्याची माती फरशीवर पडत होती. एरवी संघप्रिया यावरून बोलली असती. आज ती माती बघूनही तिला इतकं बरं वाटलं की डोळे पुन्हा भरून आले.

संध्याकाळी विनोद सरांचा फोन आला. धम्मदीपची खबर त्यांना कळली होती, आधी त्यांनी त्याचीच चौकशी केली. माणूस वाईट नव्हता. मग घसा खाकरून ते कामाचं बोलले.

"थो नळ पुन्हा दिसून राह्यला पूलमध्ये. तू काढला होता ना?"

"काढला होता सर. परत लावला. आता तो राहीन. तुमी टाकी मोठी करून घ्या."

"करतो ना, पण वर काय सांगू? आत कोणी नाई, नंबर नाई, अन् सगळ्यात जास्त तोच घेऊन राह्यला. प्रत्येक डेटाबेसला कोणीतरी जबाबदार माणूस दाखवा लागते, तुले माहीत हाये. तिथी कोणाचं नाव टाकू?"

संघप्रियानं भिंतीकडे पाहिलं. धम्मदीप बसल्या जागीच झोपला होता. तोंड उघडं, श्वास संथ, हात पोटावर.

"माझं टाका," ती म्हणाली.